आठवड्यातला आठवा दिवस

तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते, तिथे तारेखाली सुताचा एक दोरा असतो. शिवणाच्या दोऱ्याहून फारसा जाड नाही. तो जरा मागे राहिला तर तार नुसतीच वाजते, बंद, लाकडी. केसभर पुढे सरकला की तीच तार उघडते आणि एका सुरातून अनेक सूर बाहेर येऊ लागतात. याचं कारण असं की तार घोडीवर पूर्ण टेकलेलीही नसते आणि पूर्ण सुटलेलीही नसते. थरथरताना ती लाकडाला ओझरती शिवत राहते, कधी थोडी लवकर, कधी थोडी उशिरा. मिरजेत याला जवारी म्हणतात.

निलोफर दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहून वडिलांचं बोट पाहत होती. नखाने दोरा ढकलायचा, तार छेडायची, मान उजवीकडे कलती करायची. यंत्र त्या बाजूला होतं. कानामागे कातडीखाली एक चकती, आणि तिच्यावर चुंबकाने चिकटलेला चिंचोक्याएवढा तुकडा.

"आली," अब्बा म्हणाले. "आली का नाही?"

"आली."

"काय?"

"आली म्हणते!"

"मग तसं बोल ना. तू पुटपुटायचं आणि लोकांनी म्हणायचं, उस्मानमियां बहिरा."

उस्मानमियां खरोखरच बहिरे होते. एका लांबलेल्या तापात दिलेल्या इंजेक्शनांनी ताप गेला आणि दोन्ही कानही गेले. त्यानंतरची काही वर्षं ते भोपळ्यावर तळवा ठेवून बसत, हाताला जे कळेल तेवढ्यावर काम करत, आणि ते काम गिऱ्हाइकं सौजन्याने परत आणून देत. मग शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की बोलणं समजेल, पण गाण्याची आशा ठेवू नका. चौदा-पंधरा तारांच्या टोकांनी कानातल्या हजारो तंतूंचं काम होत नसतं. यंत्र सुरू करून घरी आणल्यावर अब्बांनी कोपऱ्यातला तंबोरा छेडला आणि ते अम्मीवर ओरडले. झाडताना दोरा कुणी हलवला म्हणून.

अम्मी रडली होती. दोरा तिनेच हलवला होता.

त्या यंत्राने गाणं कसं ऐकू येतं, हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. जाहिरातीत 'लाकडाचा आवाज' असं काहीतरी लिहायचे. पुढे कंपनी बुडाली. निलोफरला कारण कळलं ते फार नंतर, आणि ते कळलं नसतं तर बरं, असं तिला हल्ली रोज वाटत होतं.

*

प्रोग्रॅम नुसता लिहून चालत नाही. त्याला खाली जमीन लागते. त्या जमिनीला रनटाइम म्हणतात, आणि तिच्याबरोबर मिळते ती स्टँडर्ड लायब्ररी. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो, तशी. फोडणी देणारी बाई हळद कुणी दळली ते विचारत नाही. डबा उघडते आणि चिमूट टाकते. मजकूर उलटा कर, यादी लावून दे, अमुक वेळ थांब, अशी बारीक बारीक कामं लायब्ररीत आधीच करून ठेवलेली असतात, आणि जगभरचे लोक ती न पाहता वापरतात.

'आवर्त' हा रनटाइम काही मराठी विद्यार्थ्यांनी हौसेने सुरू केला होता. तो इतका कमी वीज खायचा की हळूहळू शरीरात बसवायची बहुतेक यंत्रं त्याच्यावर चालू लागली. शब्द मराठीच राहिले. ब्राझीलमधली एखादी मुलगीही आता वेळेच्या कामांसाठी 'घटिका' हा विभाग उघडायची आणि प्रोग्रॅमला थांबवायचं असलं की 'विसावा' लिहायची. अर्थ तिला ठाऊक असायची गरज नव्हती.

निलोफर 'घटिका'ची राखणदार होती. तिच्या संमतीशिवाय त्या विभागात एक अक्षर बदलत नसे.

'विसावा'ला एकच वचन पाळायचं होतं: सांगितलेल्या वेळेच्या आधी उठायचं नाही. ते पहिल्यांदा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अडचण होती. यंत्रातलं घड्याळ टिकटिक करतं, पण थांबण्याची मागणी दोन टिकांच्या मधे कुठेही येते. सात टिका थांबायचं असताना चालू टिक अर्धी सरलेली असली आणि आपण सातच मोजल्या, तर जाग लवकर येणार. म्हणून त्याने मोजणीत एक वाढवला आणि शेजारी टीप लिहिली: 'पाहुण्याला आठ दिवसांनी ये म्हटलं की तो सातव्या दिवशी दारात. आपण आठ मोजू.'

आपण सात दिवसांना आठवडा म्हणतो; ज्या दिवशी बोलतो तो दिवसही मोजतो. या सवयीवरचा तो विनोद होता. पुढे त्या वाढीव टिकेला सगळे 'आठवा दिवस' म्हणू लागले. नवीन घड्याळांना टिकेच्या आतलंही दिसतं, त्यामुळे आठव्या दिवसाची गरज संपली होती. पण तो कुणाला टोचत नव्हता, म्हणून कुणी काढला नव्हता. त्याचा परिणाम एवढाच होता की प्रत्येक विसावा मागितल्यापेक्षा किंचित लांबायचा, आणि मागणी टिकेच्या कोणत्या भागात आली त्याप्रमाणे दर वेळी वेगळा लांबायचा.

हीच अब्बांची जवारी होती.

कानातल्या मज्जातंतूंना अगदी सारख्या अंतराने विजेचे ठोके दिले तर ते कवायतीसारखे एकदम उडतात आणि एकदम गप्प होतात. मंद, नाजूक ध्वनी त्या कवायतीत हरवतात. ठोक्यांमधलं अंतर जरासं अनियमित असलं तर काही तंतू आता उडतात, काही नंतर, आणि मधल्या फटींतून बारीक गोष्टी मेंदूपर्यंत पोचतात. थोडा गोंधळ मिसळला की क्षीण संकेत उलट स्पष्ट होतो, हे निसर्गात अनेक ठिकाणी दिसतं. अब्बांच्या यंत्रातला प्रोग्रॅम प्रत्येक ठोक्यानंतर 'विसावा' घ्यायचा. दोरा योग्य जागी होता. कुणी मुद्दाम लावलेला नव्हता, इतकंच.

*

पण त्याच बुडालेल्या कंपनीने, त्याच चिपवर, आणखी एक यंत्र बनवलं होतं. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसांच्या छातीत ते बसवतात. ते श्वासपटलाच्या मज्जातंतूला ठोका देतं आणि माणूस श्वास घेतो. तिथे आठवा दिवस साचत जायचा. प्रत्येक श्वास कणभर उशिरा, त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर पुढचा. यंत्रातलं दुसरं, देखरेखीचं घड्याळ मात्र बरोबर चालायचं. दोघांतली तफावत पुरेशी वाढली की देखरेखीला वाटायचं, उशिरा आलेला हुकूम मागच्याच श्वासाचा आहे. ते तो हुकूम रद्द करायचं, आणि काही वेळा तिथेच अडकून बसायचं. मग बाहेरचं बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करावं लागे. गजर होता, पण तो वाजवणारा प्रोग्रॅमही तोच होता.

दुरुस्ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका यंत्राने, कुणी सांगायच्या आत, लिहून पाठवली होती. एक आकडा खोडायचा, बस्स.

अब्बांच्या यंत्रापुरतं जुनं ठेवता आलं नसतं का? निलोफरने सगळ्या वाटा पाहिल्या होत्या. यंत्रातला प्रोग्रॅम बदलायचा तर बुडालेल्या कंपनीची सांकेतिक किल्ली हवी. ती कुणाकडेच नव्हती. जुनी लायब्ररी राहू द्यायची तर कायदा आडवा येत होता. एका मोठ्या घातपातानंतर ठरलं होतं की शरीरातलं कुठलंही यंत्र माहीत असलेला दोष बाळगणार नाही. संमत झालेला बदल आपोआप, हवेतून, त्याच दिवशी आत जाणार. आणि लायब्ररीतच अपवाद करायचा, तर लायब्ररीला दिसायची फक्त चिप. कानात बसलेली चिप आणि छातीत बसलेली चिप तिच्या दृष्टीने एकच होती.

बदल संमत करायची रीत जुन्या माणसांना हास्यास्पद वाटली असती. लिहिलेल्या शब्दावर, सहीवर, पडद्यावरच्या चेहऱ्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. यंत्रं सगळ्याची नक्कल करत. म्हणून राखणदाराने निर्णय तोंडाने बोलायचा आणि त्याच खोलीत बसलेल्या नोंदणीकृत साक्षीदाराने तो स्वतःच्या कानांनी ऐकून 'ऐकलं' म्हणायचं. निलोफरचे साक्षीदार अब्बा होते. अम्मी गेल्यावर घरात दुसरं होतं कोण?

"नियमात 'स्वतःचे कान' असं लिहिलंय," 'आवर्त'च्या समितीचा कार्यवाह हेरंब गोगटे पुण्याहून चेष्टा करायचा. "चाचांचे कान आपल्याच लायब्ररीवर चालतात. म्हणजे चोरच पोलिसाची साक्ष देतोय."

"ए पुणेकर," अब्बा पडद्यात डोकावून म्हणायचे, "माझे कान चांगले आहेत. तुझं मराठी सुधार."

*

बदल समोर आला तेव्हा निलोफरने पहिल्यांदा तो अब्बांवरच करून पाहिला. बाहेरचा तुकडा तिच्या संगणकाला जोडून चाचणीसाठी थोड्या वेळापुरती नवी लायब्ररी चालवता येत होती; एकदा संमत झाल्यावर जुनी मात्र नाही. तिने त्यांना कारण सांगितलं नाही. यंत्र तपासतेय एवढंच म्हणाली.

अब्बांनी तार छेडली आणि हात मागे घेतला.

"हे काय केलंस?"

"कसं वाटतंय?"

ते तिच्या ओठांकडे पाहू लागले. तापानंतरच्या वर्षांत पाहायचे, तसे. "परत बोल."

"कसं वाटतंय, अब्बा?"

"पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं. बोलतेस ते कळतं थोडं. पण तू बोलतेयस हे कळत नाही. कुणीतरी बोलतंय." त्यांनी तंबोरा मांडीवरून उतरवला. "काढ ते."

तिने जुनं परत लावलं. त्यांनी लगेच तार छेडून पाहिली, आणि मग तिच्याकडे न बघता विचारलं, "कशासाठी होतं?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. आठवा दिवस, श्वास, बटण. ते ऐकत राहिले. नखाने दोरा उगाच मागेपुढे करत होते.

"सरावाने काही येईल का? मेंदू शिकतो म्हणतात."

"तुमच्या वयाला... डॉक्टर नाही म्हणतात. बोलणं थोडं सुधारेल. हे नाही."

"हे नाही," ते म्हणाले. त्यांनी दोरा सोडून दिला. "नीलू, मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नाही म्हणेन. त्या माणसांना मी बघितलेलं नाही. आणि नाही म्हटल्यावर मग मला माझंच तोंड बघावं लागेल. म्हणून विचारू नकोस."

"पण साक्षीदार—"

"साक्षीदाराला मत नसतं. कान असतात."

तिने विचारलं नाही. निर्णयही घेतला नाही. समितीला तिने कळवलं की आणखी चाचण्या हव्यात. हे खोटं नव्हतं. चाचण्या नेहमीच आणखी हव्या असतात. पहिल्या चाचण्या नीट झाल्यावर तिने कमी बॅटरीवरच्या मागितल्या, मग तापात शरीराचं तापमान वाढल्यावरच्या. तिच्या कामाची ख्यातीच अशी होती, की कुणाला संशय आला नाही. 'घटिका'त आजवर एकही चूक शिरली नव्हती ती या बाईच्या चिकाटीमुळे, असं लोक म्हणत.

फक्त हेरंबला कळलं असावं. एकदा बैठक संपल्यावर तो एकटाच मागे थांबला.

"निलोफर, वचन आधी न उठण्याचं आहे, उशिराचं नाही, हे तू तिसऱ्यांदा लिहिलंयस. बरोबर आहे. वकिलासारखं बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही. मागे त्या बँकवाल्यांनी त्यांच्यापुरता अपवाद मागितला होता, आठवतं? तू काय म्हणालीस? लायब्ररी विचारत नाही, कोण आलंय."

"मी अपवाद मागत नाहीये."

"नाही. तू नुसती दारात उभी आहेस." मग हळू म्हणाला, "जड जात असेल तर दुसरा साक्षीदार घे. शेजारचं कुणी. चाचांसमोर कशाला?"

"बघते," ती म्हणाली.

*

दोषाच्या नोंदीखाली कुणालाही लिहिता येत असे. बहुतेक लिहिणारे तंत्रज्ञ होते. एक नव्हती: बल्लारपूरची वर्षा बोरकुटे. तिचा नवरा बांधकामावरून पडला होता आणि त्याच्या छातीत ते श्वासाचं यंत्र होतं. सुरुवातीला तिने लांबलचक लिहिलं होतं, हात जोडून, साहेब म्हणून. ते कुणी वाचत नाही असं वाटल्यावर असेल, ती आखूड लिहू लागली.

'आज चुकला. मी जागी होते.'

मग काही दिवसांनी: 'आज नाही चुकला.'

'चुकला. पोरीनं दाबलं बटण. तिला शिकवून ठेवलंय.'

निलोफर तिला उत्तर देत असे. यंत्र अधूनमधून हाताने बंद-चालू केलं तर साचलेली तफावत पुसली जाते, कधी करायचं, कसं करायचं. वर्षाने धन्यवाद लिहिले होते आणि विचारलं होतं, 'ताई, ते पक्कं कधी होणार?' निलोफरने लिहिलं, चाचण्या चालू आहेत. हेही खोटं नव्हतं.

सकाळी चहा घेताना ती नोंद उघडायची आणि वर्षाची ओळ दिसली की चहा पुढे प्यायची. ती सवयच झाली होती. ओळ असणं म्हणजे बाई जागी असणं.

मग ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निलोफरने स्वतः लिहिलं, 'वर्षाताई, कसे आहेत ते?'

उत्तर दुपारी आलं.

'ताई, आता घाई नाही.'

तिने ते परत वाचलं. वाक्यात राग शोधला, तो नव्हता. खाली आणखी एक ओळ उमटली.

'डोळा लागला माझा. दुसऱ्यांचं मात्र लवकर करा.'

निलोफर काहीतरी लिहू लागली, पुसलं, पुन्हा लिहू लागली. डोळा लागणं हा त्या बाईचा दोष नाही, हे लिहायचं होतं. पण ते लिहिलं की पुढचं वाक्य लिहावं लागणार होतं, दोष कुणाचा ते. तिने फक्त मान खाली घातली आणि बसून राहिली. दुपारच्या चहावर साय धरली.

मग तिने हेरंबला फोन लावला. "आज बैठक बोलव. आत्ता."

"काय झालं?" आणि तिने सांगितल्यावर एवढंच विचारलं, "साक्षीदार कोण?"

"जे आहेत तेच."

*

दुकानात लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता. अब्बांच्या मांडीवर नवा तंबोरा होता, धारवाडच्या कुणा बाईने सांगितलेला. चारपैकी तीन तारांना दोरे लागले होते.

निलोफरने संगणक भोपळ्यांच्या ढिगाशेजारी ठेवला. पडद्यावर हेरंब होता आणि समितीतली इतर माणसं, आपापल्या देशांत, आपापल्या वेळांत. आज कुणी चेष्टा केली नाही. अब्बांनी ते चेहरे पाहिले, मग मुलीचा पाहिला.

"कुणी गेलं?"

"हो. बल्लारपूरचा. त्याची बायको जागायची. तिचा डोळा लागला."

 तिला वाटलं होतं, ते म्हणतील तुझी चूक नाही. किंवा म्हणतील तुझी चूक आहे. तिने दोन्हींची तयारी करून ठेवली होती.

"ही एक राहिलीय," ते म्हणाले आणि चौथ्या तारेखाली दोरा सारला. "थांबवशील एवढ्यासाठी?"

"थांबते."

नखाने ढकलला. बंद. पुन्हा ढकलला. बंद. मान उजवीकडे कलली. खर्जाची तार उघडली आणि दुकानातले सगळे अर्धवट तंबोरे, भिंतीला टेकलेले, अगदी हलके बोलू लागले. त्यांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या. पुन्हा छेडल्या.  पडद्यावरच्या माणसांपर्यंत यातलं काय पोचत होतं, कोण जाणे.

मग अब्बांनी तारांवर तळवा ठेवला. नाद थांबला.

"धारवाडला कळव, झालाय म्हणून. यापुढे जवारी लावायला दुसरा कुणी बघायला सांग." त्यांनी पाठ सरळ केली, साक्षीला बसताना करायचे तशी. हाताने कानामागचा तुकडा नीट बसवला.

"निलोफर," हेरंब म्हणाला, "तू तयार झालीस की."

तिने तोंड उघडलं. आवाज नेहमीसारखा बारीक निघाला. पहिला शब्द तिलाच ऐकू आला नाही.

"काय?" अब्बा म्हणाले. "मोठ्यानं बोल, नीलू. पुटपुटू नकोस. शेवटचं तरी नीट ऐकू दे."

ती उभी राहिली. पडद्याकडे नाही, त्यांच्या उजव्या कानाकडे तोंड करून.

"मी निलोफर. घटिका विभागाची राखणदार," ती म्हणाली, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विसाव्यातला आठवा दिवस मी काढून टाकते आहे. सगळ्यांसाठी. आजपासून."